बाटलीत बर्फ खुळखुळतोय आणि घसा कोरडा

प्रश्न: मी नागपुरात राहते, मिहानला कामाला सायकलनेच जाते. रविवारी आम्ही चौघीजणी रामटेककडे निघतो. पहाटे निघालो तरी परतताना दहा-अकरा वाजतात आणि तोवर बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती टाकावी असं होतं. घरचे म्हणतात, स्टीलची व्हॅक्यूमवाली घे, चोवीस तास थंड राहतं. मैत्रिणी म्हणतात, सायकलची डबल वॉलची प्लास्टिकचीच घे. पैसे एकदाच घालवायचे आहेत. काय घेऊ?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, पाणी थंड ठेवायचं म्हटलं तर तुमच्या घरच्यांचं बरोबर. पण आधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी याच रस्त्याने रामटेकला गेले होते. सोबत चकचकीत स्टीलची पाऊण लिटरची बाटली, निम्मी बर्फाने भरलेली. जाताना कामठी, कन्हान, मनसर, सगळं मजेत. येताना ऊन डोक्यावर. स्टीलची बाटली दाबून पिता येत नाही. झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात, आणि महामार्गावर शेजारून ट्रक जात असताना हँडल सोडायची माझी छाती नाही. मग थांबून प्यावं. पुढे एक झाड दिसतंय, तिथे थांबू. तिथे पोचलं की वाटतं, लय लागली आहे, त्या पुढच्या झाडाशी थांबू. अशी झाडं मोजत घरी आले. पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकतंय. बाटली टेबलावर ठेवली तर आत बर्फ खुळखुळला! अर्ध्याहून जास्त पाणी तसंच, दात शिवशिवतील इतकं थंड. सासूबाईंनी एकच विचारलं, "खिशात कांदा नेला होता का?"

कांदा नेला होता. पाणी प्यायले नव्हते.

तेव्हापासून पाणी किती तास थंड राहील हा प्रश्न मी दुकानात दुसऱ्यांदा विचारते. आधी बाटली एका हातात धरून, दातांनी नोझल ओढून, दाबून बघते. घोट सहज आला तरच पुढचं बोलणं. म्हणून तुम्हाला माझं उत्तर: पिण्यासाठी डबल वॉलची, दाबता येणारी प्लास्टिकची बाटली. स्टीलची घरात असेल तर तिलाही काम आहे, ते खाली सांगते.

आता डबल वॉलकडून किती अपेक्षा ठेवायची? दोन भिंतींमध्ये हवा कोंडलेली असते, काहींमध्ये चमकदार फॉइल किंवा फोमचा थर असतो. हवा उष्णता हळू वाहू देते, फॉइल उन्हाची किरणं परतवते. एवढीच करामत. स्टीलच्या बाटलीत दोन भिंतींमधली हवाच काढून टाकलेली असते, म्हणून उष्णतेला आत यायला झाकण आणि मानेचा काठ सोडला तर वाटच उरत नाही. ही युक्ती जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाची, १८९२ सालची. तिच्याशी प्लास्टिकची बाटली स्पर्धा करूच शकत नाही. माझ्या अनुभवात नागपूरच्या मे महिन्यात साध्या बाटलीतलं फ्रिजचं पाणी पाऊण तासात कोमट होतं, डबल वॉलमधलं तासाभराने माठातल्या पाण्यासारखं लागतं आणि दोन तासांनी थंड म्हणवत नाही. चोवीस तास लिहिलेल्या बाटल्या खोट्या नसतात, पण ते चोवीस तास काही मनसरच्या रस्त्यावर, दर दहा मिनिटांनी झाकण उघडत मोजलेले नसतात.

मात्र दोन तासांचे तीन तास करणं तुमच्या हातात आहे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे खडू हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला एक कॅलरी लागते, पण एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात. दहावीत घोकलेला अप्रकट उष्मा तो हाच. आता ६०० मिलीच्या बाटलीत फ्रिजचं ८ अंशांचं पाणी भरलं, तर ते २५ अंशांवर जायला साधारण १०,२०० कॅलरी पुरतात. त्याऐवजी माठातलं २५ अंशांचं ४०० ग्रॅम पाणी घ्या आणि २०० ग्रॅम बर्फ टाका. सव्वाशे ग्रॅम बर्फ पाणी शून्यावर आणण्यात खर्ची पडेल, ७५ ग्रॅम शिल्लक राहील. तो वितळून सगळं पाणी पुन्हा २५ वर जायला २१,००० कॅलरी लागतील. बाटली तीच, थंडावा दुप्पट. महागड्या बाटलीत नुसतं फ्रिजचं पाणी भरण्यापेक्षा मध्यम बाटलीत बर्फ भरलेला बरा, असं मी म्हणते ते याच हिशोबावर.

म्हणून दुकानात जाताना घरच्या ट्रेमधला बर्फाचा खडा किती मोठा असतो ते बोटांनी मापून जा. तोंड अरुंद असेल तर पहाटे पाच वाजता ओट्यावर लाटण्याने बर्फ फोडत बसाल आणि घरचे उठतील.

दुसरं माप केजचं, म्हणजे फ्रेमवर बाटली अडकवायच्या पिंजऱ्याचं. सायकलच्या बाटल्या साधारण ७३-७४ मिमी व्यासाच्या असतात, केज त्याच मापाची असते. उंचीही बघा. फ्रेम लहान असेल तर मोठी बाटली वरच्या नळीला अडते, तिरकी करून ओढावी लागते, आणि तिरकी करून ओढावी लागणारी बाटली माणूस ओढत नाही. तुमच्या पत्रात फ्रेमचं माप नाही, म्हणून सायकल घेऊनच दुकानात जा. कॅमलबॅकची पोडियम चिल ६२० मिलीची मिळते, पोलर बॉटल दोन-तीन मापांत येते, डेकॅथलॉनमध्येही डबल वॉलच्या असतात. माझ्याकडे यातली कुठली आहे हे विचारू नका. दोनदा हरवून तिसरी घेतली आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या होत्या.

आता स्टीलची. तिला दुसऱ्या केजमध्ये टाकी म्हणून बसवा. पाणी तिच्यातून प्यायचं नाही. मनसरला थांबलात की तिच्यातलं बर्फाचं पाणी पिण्याच्या बाटलीत ओतायचं. घरगुती स्टीलच्या बाटल्या बहुधा केजपेक्षा बारीक असतात, खड्ड्यात उडून पडतात. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचे चार बोटं रुंदीचे दोन तुकडे कापून घ्या आणि बांगडीसारखे बाटलीवर चढवा. खडखडही थांबते. आणि स्टीलची बाटली पाण्यासकट फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आतली भिंत वाकते, व्हॅक्यूम जातो. मग ती नुसती जड बाटली उरते.

शेवटचं, थंड पाण्याच्या नादात मीठ विसरू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम दिसतच नाही, अंगावरच वाळतो. टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटले की कळतं. तीन-चार तासांच्या फेरीत दोनपैकी एका बाटलीत ओआरएस असू द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसाच सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. किती प्यावं हे कळायला एका रविवारी निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करा. एक किलो कमी भरलं तर जेवढं प्यायलात त्याहून एक लिटर जास्त घाम गेला. वजन वाढलं असेल तर नुसतं पाणी ढोसलं आहे, आणि तेही बरं नाही. रक्तातलं मीठ पातळ होतं.

प्रश्न: बाटलीवर ओला पायमोजा चढवला की पाणी थंड राहतं असं वाचलं. मी करून पाहिलं, काही फरक पडला नाही. माझं काय चुकलं?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: तुमचं काही चुकलं नाही, डोंबिवलीचं चुकलं! पायमोजा म्हणजे छोटा कूलर. पाण्याची वाफ होताना ती बाटलीतून उष्णता घेऊन जाते, ग्रॅममागे साडेपाचशे कॅलरींच्या वर. पण वाफ व्हायला हवा कोरडी लागते. विदर्भात घरोघरी वाळ्याचा कूलर चालतो आणि तुमच्याकडे तो लावला तर भिंतींना ओल येते, तेच इथे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, मी जुना सुती पायमोजा साध्या बाटलीवर चढवते, अधूनमधून ओला करते. पाणी माठाइतकं तरी राहतं. नायलॉनचा नको. आणि डबल वॉलवर चढवू नका, आतला थंडावा बाहेर जाऊ न देणारी भिंत बाहेरचा आतही येऊ देत नाही.

तुमच्याकडे उलटाच खेळ असतो. थंड बाटलीला बाहेरून जो घाम सुटतो, तो हवेतल्या वाफेचं पाणी झालेलं असतं, आणि ती वाफ आपली सगळी उष्णता बाटलीला देऊन जाते. म्हणून दमट हवेत साधी बाटली फार लवकर तापते. तुम्ही थेट डबल वॉल घ्या. बाहेरून कोरडी राहिली तर समजा काम करते आहे.

पायमोज्याची आणखी एक गोष्ट सांगते, तुमची मेहनत अगदीच वाया जायला नको. टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सला भर ऑगस्टात शंभर मैलांची सायकल फेरी असते, नावच 'हॉटर एन हेल हंड्रेड'. तिथे मायकेल आयडसन नावाच्या एका स्वाराने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, पायमोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला शिवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपडे वाळवायच्या चिमट्याने अडकवली. त्यातून १९८९ साली कॅमलबॅक ही कंपनी निघाली. ती पाठीवरची पिशवी मात्र मी वापरत नाही. आपल्या उन्हात पाठ आधीच भिजलेली असते.

प्रश्न: बाटलीत ताक नेलं होतं. आठ दिवस झाले, वास जात नाही. उपाय?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर: ताक बाटलीत नव्हे, पोटात न्यायचं असतं; निघण्यापूर्वी प्यायचं. बंद बाटलीत उन्हात ते आंबतं, फुगतं आणि नोझल उघडलं की तोंडावर येतं. आता कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा, सकाळी मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून खूप हलवा, मग झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवा. तरीही वास आला तर तो बाटलीत नाही, नोझलखालच्या वायसरमध्ये आहे. टोकदार काहीतरी घालून तो काढा, जुन्या टूथब्रशने घासा. फक्त बेसिनच्या भोकावर आधी जाळी ठेवा. माझा एक वायसर त्याच वाटेने गेला, आणि तेवढाच सुटा मिळतो का म्हणून मी सीताबर्डीत चार दुकानं पालथी घातली.