‘नमतं घेतलं’ की ‘नांगी टाकली’?

प्रश्न असा आहे: ‘कामगारांच्या दबावापुढे व्यवस्थापनाने नमतं घेतलं’ या वाक्याच्या इंग्रजी अनुवादात ‘गेव्ह अप’ लिहिलं होतं. संपादकाने ते खोडून ‘केव्ह्ड इन’ केलं. दोन्हींत फरक काय? आणि शब्दकोशात शेजारीच दिसणारे बकल, सकम, कपिट्युलेट, नकल अंडर हे एकमेकांच्या जागी चालतात का?

‘गेव्ह अप’ खोडलं ते बरोबरच. आपल्याकडे हात टेकणं आणि गुडघे टेकणं यांत जो फरक आहे, साधारण तोच ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांत आहे. पोराला गणित शिकवून शिकवून बाप हात टेकतो. तिथे त्याच्याकडे कुणी काही मागितलेलं नसतं, त्याचेच प्रयत्न संपलेले असतात. हट्ट, मागणी, धमकी यांच्यापुढे मान तुकवली तर ते ‘गिव्ह इन’, आणि कुणापुढे हे सांगायला त्याच्यामागे ‘टू’ येतो. ‘गिव्ह वे’ फळीला किंवा जमिनीलाही लागतं, भार न पेलून खचण्याला.

पण संपादकाची दुरुस्तीही मला पटलेली नाही. ‘केव्ह इन’ म्हणजे खाण किंवा छप्पर आत ढासळणं. माणसाला लावलं की त्यात ‘आतून पोकळच होता’ असा टोमणा येतो. हे क्रियापद कोण वापरतो ते बघा. ‘मी केव्ह झालो’ असं माणूस स्वतःबद्दल म्हणतो ते हसत हसत, दुसरा लाडू उचलताना. गंभीर प्रसंगी ते दुसऱ्याबद्दलच म्हटलं जातं, आणि बहुधा तो निर्णय न आवडलेल्यांकडून. या घराण्यातले बरेच शब्द असे आहेत: काय घडलं याबरोबरच बोलणारा कुणाच्या बाजूचा आहे तेही सांगून टाकतात. मराठीत वेगळं काय आहे? ‘नमतं घेतलं’ म्हणणारा समजूतदारपणाचं श्रेय देतो, ‘नांगी टाकली’ म्हणणारा खिजवतो.

‘बकल’ समजून घ्यायला प्लॅस्टिकची पातळ पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने दाबत जा. बराच वेळ काहीच होत नाही, पट्टी ताठ. मग जरासा जोर वाढतो आणि ती एकदम मधून एका बाजूला फुगते. सडपातळ खांब नेमक्या किती भाराला असा दगा देईल, याचं गणित ऑयलर या गणितज्ञाने 1744 साली मांडलं. जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली की खांब चौथ्या हिश्शाच्या भारालाच वाकतो. भाषेतल्या ‘बकल’मध्येही हाच अचानकपणा आहे: कालपर्यंत ताठ, आज वाकलेला. इथे समोर मागणी करणारा कुणी असावाच लागतो असं नाही; परीक्षेचा, अपेक्षांचा ताणही पुरतो. मात्र ‘बकल डाउन’ म्हणजे कंबर कसून कामाला लागणं. पूर्ण उलट!

‘नकल’चीही तीच गंमत, आणि तिथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. एका अनुवादात ‘नकल डाउन’चं मी बिनधास्त ‘शरण जा’ केलं होतं. मुळात मास्तर विद्यार्थ्याला नेटाने अभ्यासाला बसायला सांगत होते. ‘नकल डाउन’ हा गोट्यांच्या खेळातला शब्द आहे: नेम धरताना बोटांची पेरं जमिनीला टेकवायची. ‘नकल अंडर’ मात्र शरण जाणं. ‘नकल’ म्हणजे पूर्वी कुठलाही सांधा, गुडघासुद्धा. म्हणून तो गुडघे टेकण्याशी जोडतात. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने 1755च्या कोशात वेगळाच तर्क लढवला: वादात हरलेला माणूस टेबलाच्या खालच्या बाजूला बोटांची पेरं आपटून हार कबूल करायचा, त्यावरून. ही व्युत्पत्ती मला पटत नाही, पण चित्र झकास आहे.

‘कपिट्युलेट’ कागदपत्रांतून आलेला. लॅटिनमध्ये ‘कपुट’ म्हणजे डोकं, त्यावरून ‘कपिट्युलम’ म्हणजे मथळा किंवा प्रकरण. त्यामुळे ‘कपिट्युलेट’ म्हणजे आधी अटी कलमवार मांडणं. मग अटी ठरवून किल्ला खाली करणं. आज मात्र अटी गळून गेल्या आहेत आणि उरली आहे नुसती शरणागती. ‘सकम’ म्हणजे आपल्याकडचं बळी पडणं. मोहाला, आजाराला, जखमांना. ‘ॲक्विएस’मध्ये मनातून पटलेलं नसतं, पण माणूस मुकाट राहतो.

‘ब्लिंक’ही इथलाच. 1962च्या क्यूबा पेचप्रसंगात, म्हणजे क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी जुंपली तेव्हा, सोव्हिएत जहाजं थबकल्याचं कळल्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क म्हणाले की, आम्ही डोळ्याला डोळा भिडवून उभे होतो आणि समोरच्याची पापणी लवली. तेव्हापासून कुठल्याही ताणाताणीत आधी कोण ‘ब्लिंक’ झालं ते विचारलं जातं.

आणि ‘रिलेंट’. याच्या मुळाशी लॅटिन ‘लेंटस’, म्हणजे लवचीक. हा शब्द वरचढ असलेल्यालाच शोभतो. पाघळतो तो बाप, शिक्षक, न्यायाधीश. पोरगं कधी ‘रिलेंट’ होत नाही.

तेव्हा मूळ वाक्याला ‘गेव्ह इन टू’ बिनधोक. व्यवस्थापनाच्या हाती सत्ता होती आणि ते अखेर सैल झालं, हे दाखवायचं असेल तर ‘रिलेंटेड’ जास्त नेमकं. आधी जाहीर ताठर भूमिका घेतली असेल तर ‘बॅक्ड डाउन’. संपादकाला ‘केव्ह्ड इन’ हवंच असेल, तर त्यांनी आधी मराठी लेखकाला विचारावं, तुम्हाला ‘नांगी टाकली’ म्हणायचं होतं का.