नाशिकमध्ये आमची जमीन घेणाऱ्या कंपनीचा खरा मालक कोण, हे कळू शकतं का?

अर्धवट कळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाकलं की संचालक दिसतात; शुल्क भरून वार्षिक विवरणपत्र उघडलं तर भागधारकही. गाडी अडते ती पुढे. भागधारकाच्या रकान्यात माणसाऐवजी दुसरीच कंपनी, तिच्यामागे तिसरी. काळा पैसा नेमका याच साखळीत मुरतो.

त्यासाठी कंपनी कायद्यात कलम ९० आहे: दुसऱ्या कंपनीच्या वगैरे आडून ज्या माणसाकडे किमान १० टक्के हिस्सा, त्याचं नाव कंपनीने बेन-२ (BEN-2) फॉर्ममध्ये कंपनी निबंधकाकडे द्यायचं. ब्रिटनमध्ये अशी नोंद २०१६ पासून कुणालाही फुकट पाहता येते. अमेरिकेत कायदा झाला २०२१ मध्ये, पण छोट्या धंद्यांवर बोजा पडतो अशी ओरड झाली आणि मार्च २०२५ मध्ये देशी कंपन्यांना सूट मिळाली. मला हे साफ चुकीचं वाटतं. एका फॉर्मचा कसला बोजा!

तुम्ही आडगावला विका की सिन्नरला, इसार घेण्याआधी बेन-२ ची प्रत आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव मागा. बेन-२ लागू नाही म्हणाले, तर तसं लेखी घ्या. टाळाटाळ केली तर सही करू नका.