बॉक्सिंगच्या जुन्या पद्धतीच्या सरावाचा आजही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने झाले बॉक्सिंग शिकताय. कोच पहाटे पाच किलोमीटर पळवतात, मग दोरी, शॅडो (हवेत ठोसे मारणं), बॅग आणि शेवटी पोटावर मेडिसिन बॉल (भरीव जड चेंडू). आणि जिममधले मित्र म्हणतात, हे सगळं आता जुनं झालं. मी बारा वर्षं हौशी गटात खेळलो, आता पुण्यात संध्याकाळी मुलांना शिकवतो. माझं मत विचाराल तर कोचचं ऐका. फक्त पाणी आणि डोक्यावरचा मार, या दोन बाबतींत जुन्या लोकांचं अजिबात ऐकू नका.

आधी पळण्याचं. तीन मिनिटांचा राउंड आणि मध्ये एक मिनिट विश्रांती हे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून, म्हणजे आजच्या बॉक्सिंगच्या मूळ नियमांपासून, चालत आलंय. बदलली ती राउंडची संख्या. व्यावसायिक किताबाच्या लढती पूर्वी १५ राउंडच्या असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या राउंडला कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर त्या हळूहळू १२ वर आल्या. हौशी गटात आपल्याला तीनच राउंड. मग नऊ मिनिटांसाठी पाच किलोमीटर कशाला, असं मुलं विचारतात. कारण त्या एका मिनिटात, स्टुलावर बसल्यावर, छातीचा भाता किती लवकर खाली बसतो यावर पुढचा राउंड ठरतो, आणि तो दमसास मुख्यतः सावकाश, लांब पळून येतो. त्यात एवढीच भर घाला: आठवड्यातून दोन दिवस तीन मिनिटं जोरात पळायचं, एक मिनिट चालायचं, असं सहा वेळा. जुने लोकही पळता पळता मध्येच दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सुसाट सुटायचे, ते हेच. जड बूट घालून पळणं मात्र सोडा, नडगी आणि गुडघे त्याची किंमत मोजतात.

मुहम्मद अलीने १९७२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात डीअर लेकला आपला कॅम्प उभारला आणि तिथे तो कुऱ्हाडीने झाडं तोडायचा. ते दिखाव्यासाठी नव्हतं. कुऱ्हाड मारताना जोर टाचेतून निघतो, कंबर वळते आणि हात सगळ्यात शेवटी येतो. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, तसाच निघतो. आपल्या तालमीतली मुदगलं एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेली, तिथे ‘इंडियन क्लब्ज’ म्हणून सैनिक आणि मुष्टियोद्धे ती फिरवू लागले. खांदा मोकळा ठेवायला त्यांच्याइतकं चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. वजनं उचलल्याने हात जड होतो ही समजूत तेवढी खोटी ठरली. खालच्या वजनगटातल्या मायकेल स्पिंक्सने १९८५ मध्ये वजनं उचलून, अंग भरवून हेवीवेट (सगळ्यात जड गट) विजेत्या लॅरी होम्सला हरवलं, आणि पुढे इव्हँडर होलीफिल्डही त्याच वाटेने हेवीवेटमध्ये गेला.

मेडिसिन बॉलने पोट लोखंडाचं होत नाही. मार लागायच्या क्षणी श्वास सोडून पोट आवळायची सवय लागते, तेवढ्यासाठी हलका बॉल पुरतो.

मला सगळ्यात जास्त दिलं ते एका सुताच्या दोरीने. आमच्या सरांनी ती मैदानातल्या कडुलिंबापासून फाटकाच्या खांबापर्यंत, बरोबर खांद्याच्या उंचीला बांधली होती. गार्ड वर (मुठी चेहऱ्यासमोर), गुडघे वाकवून दोरीखालून डावीकडे जायचं, वर यायचं, एक पाऊल पुढे, मग उजवीकडे. तीन राउंड. कमरेतून वाकलं की सर पाठीवर थाप मारायचे, “जमीन बघू नकोस, माणूस बघ.” पहिल्या महिन्यात मांड्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. वर्षभराने एका लढतीत समोरच्याचा हूक (बाजूने येणारा ठोसा) माझ्या केसांवरून गेला, तेव्हा मी विचार करून वाकलोच नव्हतो. पायांनीच ते केलं होतं.

आता पाणी. एका स्पर्धेआधी मी ५४ किलो गटासाठी दीड किलो जास्त भरत होतो. प्लॅस्टिकचा ट्रॅकसूट घालून बंद खोलीत दोरी मारायला लावली, पाण्याचा थेंब नाही, वर डब्यात थुंकत बसायचं. वजन गटात बसलं. पण दुसऱ्या राउंडला पिंढऱ्यांना गोळे आले आणि समोरचे ग्लव्ह्ज दुप्पट दिसायला लागले. त्यात कसलीही मर्दुमकी नव्हती, जीव जाऊ शकला असता. तहान लागली की प्या, आणि वजन उतरवायचं तर काही आठवडे आधीपासून, जेवणातून.

डोक्याचं तर त्याहून गंभीर. ‘पंच ड्रंक’, म्हणजे डोक्यावर मार खाऊन खाऊन मेंदूला इजा झालेल्या, बॉक्सरांवर हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ मध्येच लिहिलं होतं. तरी पुढे कित्येक वर्षं जिममध्ये रोज लढतीसारखं स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) चालायचं. अली तर सरावात मुद्दाम मार अंगावर घ्यायचा. मी माझ्या मुलांना आठवड्यातून एकदाच, सोळा औंसांच्या ग्लव्ह्जने, हलक्या हाताने स्पारिंग करू देतो. हेडगार्डमुळे भुवई फुटायची वाचते, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. स्पारिंगनंतर डोकं दुखलं, मळमळलं किंवा उजेड सहन झाला नाही, तर लपवू नका; कोचना सांगा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत रिंगच्या दोरांना हात लावू नका.