'कशावरून?' या प्रश्नाची भीती

"मॅडम, भाषण तोंडपाठ आहे. पण परीक्षकांनी 'हे कशावरून?' असं विचारलं तर, या विचारानेच पोटात गोळा येतो."

वक्तृत्व स्पर्धेच्या बारा दिवस आधी आलेल्या, शनिवार पेठेतल्या एका महाविद्यालयीन मुलीची ही अडचण. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विषय 'पुण्याचं पाणी', वेळ सात मिनिटं. तिला श्वासाचे व्यायाम हवे होते. ते उपयोगी पडतातच, पण भीतीचं कारण तिच्या वहीत होतं. मुद्दे एकोणीस, आणि एकाही मुद्द्यापुढे तो कुठून घेतला याची नोंद नाही. अशा भीतीला घाबरटपणा म्हणू नये. आपल्या पायाखालचं तपासलेलं नाही, हे मनाला पक्कं ठाऊक असतं.

वहीच्या उजव्या बाजूला तीन रकाने आखायला सांगितले: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, नेमकं काय मोजलं. सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या रकान्यात होतो.

तिचं पहिलंच वाक्य होतं, "पुण्याची लोकसंख्या आज एक कोटी आहे." कुठलं पुणं? 2011 च्या जनगणनेत तेव्हाच्या महापालिका हद्दीत सुमारे 31 लाख, पिंपरी-चिंचवडसह नागरी समूहात सुमारे 50 लाख आणि जिल्ह्यात 94 लाखांहून जास्त लोक होते. तिन्ही आकडे बरोबर, पण एकाच्या जागी दुसरा वापरला की तोच चुकीचा ठरतो. पुढची जनगणना 2021 मध्ये झाली नाही, म्हणून त्यानंतरचे आकडे अंदाज आहेत आणि व्यासपीठावर 'अंदाजे' हा शब्द गाळायचा नाही.

पुढचं वाक्य: "आपल्याकडे 29 टीएमसी पाणी आहे." एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे 29 टीएमसी आहे. आज धरणांत किती पाणी आहे, तो आकडा वेगळा. शिवाय ते सगळं शहराचं नाही, कालव्यातून दौंड-इंदापूरकडच्या शेतीलाही जातं. आजचा साठा सांगायचा असेल तर जलसंपदा विभागाचा आकडा घ्यायचा आणि शेजारी तारीख लिहायची. पावसाळ्यात तो आठवड्याभरात शिळा होतो.

शेवट तिने एका थोर शास्त्रज्ञांच्या नावावर केला होता: तिसरं महायुद्ध पाण्यावरून होईल. हे वाक्य किती जणांच्या नावावर फिरतं! 1995 मध्ये जागतिक बँकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष इस्माईल सेरागेल्दिन यांनी पुढच्या शतकातली युद्धं पाण्यावरून होतील, अशा अर्थाचं विधान केलं होतं. 'तिसरं महायुद्ध' ही नंतरची भर. "पण मॅडम, तीन वेबसाइटवर आहे," ती म्हणाली. तिन्ही ठिकाणची वाक्यं शेजारी ठेवल्यावर शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच निघाली. म्हणजे साक्षीदार तीन नाहीत, एकच. मूळ भाषण किंवा तेव्हाची बातमी सापडत नसेल, तर अवतरण सोडून द्यावं.

वहीत सर्वात कमी जागा मिळालेली गोष्ट मात्र सोन्यासारखी होती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आजी वाड्यात होती आणि पाणी जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत चढलं होतं. आठवण हा पुरावाच आहे, पण त्या एका जिन्यापुरता. "माझी आजी सांगते" असं म्हणून ती पायरी जरूर सांगावी. त्यावरून सगळ्या शहरातली पातळी सांगू नये. आजी "हजारो माणसं गेली" असंही म्हणते. मृतांच्या आकड्यांत ठिकठिकाणी तफावत आहे, आणि या भाषणाला त्या आकड्याची गरजही नव्हती. ज्यांना तो हवाच, त्यांनी चौकशी आयोगाचा अहवाल आणि त्या काळातली वर्तमानपत्रं पाहावीत. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय किंवा गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय गाठून ग्रंथपालांना नेमका विषय आणि साल सांगावं. विकिपीडियावर मजकुरापेक्षा तळाचे संदर्भ कामाचे; ते उघडून वाचावेत.

चार दिवसांनी एकोणिसांतले तीनच मुद्दे उरले. सात मिनिटांना तेवढे पुरतात: प्रत्येकाला एक आकडा आणि एक उदाहरण. पोस्टकार्डाएवढ्या तीन कार्डांवर पुढे मुद्दा, मागे पेन्सिलीने स्रोत आणि तारीख. स्रोत बोलण्यातच, एका दमात यावा: "2011 च्या जनगणनेनुसार..." एवढंच.

जलवाहिन्यांच्या गळतीची टक्केवारी तिची फार लाडकी होती, पण तिचा उगम सापडेना. "ती काढली, पण परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं तर?" असा तिचा शेवटचा प्रश्न. त्यासाठी एक वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणून घेतलं: "गळती होते हे खरं, पण तिचा खात्रीचा आकडा मला मिळाला नाही, म्हणून तो मी सांगत नाही." पहिल्या तीन वेळा तिचा आवाज कापला.