विचारा तर खरं: डिजिमॉनचा खराखुरा सिनेमा केला तर?

प्रश्न: डिजिमॉन या जपानी कार्टून मालिकेवर खऱ्या नटांचा लाइव्ह ॲक्शन सिनेमा काढलाच समजा, तर तिचे ५४ भाग दोन तासांत बसणार कसे? एवढी पोरं, त्यांचे जोडीदार असलेले एवढे डिजिमॉन प्राणी, नुसती ओळखपरेड नाही का होणार? – एक वाचक, फोंडा

उत्तर: होणारच, म्हणून बसवायचेच नाहीत. मालिका मार्च १९९९ ते मार्च २००० अशी वर्षभर चालली, तिला घाई नव्हती, सात मुलं आधी आणि आठवी हिकारी मागाहून आली तरी चाललं. सिनेमात मी फक्त ताइची हा मुलगा आणि त्याचा डिजिमॉन अगुमॉन घेईन, बाकीचे आजूबाजूला असू देत, आणि गोष्ट घेईन ती स्कलग्रेमॉनची. आठवतंय ना, ग्रेमॉनने (म्हणजे लढताना मोठा होणाऱ्या अगुमॉनने) पुढची पायरी गाठायलाच हवी म्हणून ताइची अगुमॉनला पोटात मावेना तरी खायला घालत सुटतो (दहावीच्या वर्षी आपल्याकडे पोरांना बदाम भरवतात तस्सं), आणि मग लढाईत मुद्दाम स्वतःच धोक्यात जाऊन उभा राहतो, की आता तरी हा बदलेल. बदलतो, पण बाहेर येतो तो हाडांचा सापळा स्कलग्रेमॉन, मित्र कोण शत्रू कोण काही कळत नाही त्याला, आणि सगळी ताकद संपल्यावर इवलासा कोरोमॉन (अगुमॉनचं आधीचं लहान रूप) होऊन पडतो आणि वर माफी तोच मागतो! चूक कोणाची, माफी कोण मागतंय. अख्खा सिनेमा आहे हो त्यात, खलनायक नसला तरी चालेल.

आणि नमुना हवा असेल तर मामोरू होसोदा या दिग्दर्शकाची डिजिमॉनवरचीच २० मिनिटांची फिल्म बघा, मालिकेच्या आदल्याच दिवशी, ६ मार्च १९९९ ला जपानात थेटरात लागलेली. कॉम्प्युटरमधून अंडं येतं, ताइची आणि हिकारी ही दोन लहान भावंडं, एक फ्लॅट, घरची मांजर आणि तिचं खाणं फस्त करणारा पाहुणा. रात्रीत तो पाहुणा एवढा वाढतो की घरात मावत नाही. शेवटी आडवा पडलेल्या ग्रेमॉनला हिकारी शिट्टी वाजवून उठवायला बघते, तिला दम पुरत नाही, मग ताइची वाजवतो. बजेट कमी असेल तर हेच करा, जग वाचवायला नका जाऊ.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो पोकेमॉनचा सिनेमा आला तसाच हा होईल. मला तर दोन्ही सारखेच दिसतात. – एक आई, म्हापसा

उत्तर: ताई, मुलासमोर हे बोलू नका. पोकेमॉन पकडायचे असतात, एकाकडे कितीही असू शकतात. डिजिमॉनमध्ये एका मुलाचा एकच जोडीदार, आणि तो बोलतो, भांडतो, भूक लागली म्हणून कटकट करतो. २०१९ च्या सिनेमात पिकाचूला बोलता करायला रायन रेनॉल्ड्सचा आवाज द्यावा लागला आणि त्याच्या बोलण्याचं कोडं कथेत घालावं लागलं. इथे ती अडचणच नाही, फक्त संवाद चांगले लिहायला माणूस हवा.

प्रश्न: आमचा ग्रुप दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतो. ग्रेमॉन कॉम्प्युटरवर करावा की खरा उभा करावा? – एक वाचक, डिचोली

उत्तर: अरे, तुम्हाला हे मी सांगायचं? लोखंडाची फ्रेम, मुखवटा, हलणारा हात, खाली उभं राहून मान वर करून बघणारी पोरं, त्यांचे चेहरे बघ एकदा पहाटे जाळायच्या आधी. तो चेहरा हिरव्या पडद्यासमोर, राक्षसाच्या जागी धरलेल्या टेनिसबॉलकडे बघून कुठल्याही बालकलाकाराला आणता येत नाही. ज्युरासिक पार्कला १९९३ साली स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी खरा हलणारा टी-रेक्स बांधला होता, आणि जिथे तो पुरला नाही तिथेच कॉम्प्युटर. इथेही तसंच करावं, ग्रेमॉनचं डोकं आणि पंजा खरा, लांबून दिसणारा कॉम्प्युटरचा. अगुमॉन मात्र पूर्ण बाहुला हवा, कारण ताइचीने त्याला मिठी मारायची आहे, घास भरवायचा आहे. आणि कातडी जास्त खरी करायच्या नादाला लागू नये. व्हिडिओ गेममधल्या सॉनिकवरच्या सिनेमाच्या पहिल्या ट्रेलरमध्ये त्याला माणसासारखे दात दिले तर लोक एवढे खवळले की डिझाइन बदलावं लागलं, सिनेमा नोव्हेंबर २०१९ चा फेब्रुवारी २०२० वर गेला. पिवळा तो पिवळाच राहू दे, डोळे मोठेच ठेवा.

प्रश्न: शूटिंग गोव्यात होईल का? – एक वाचक, पणजी

उत्तर: मालिकेतल्या फाइल आयलंड या बेटाचं रान मोलेला छान उभं राहील, पावसाळा टाळला तर, जळवा नटांना पण सोडत नाहीत. पण मुलांची घरं ओदायबातच हवीत, ती टोकियोची पोरं आहेत, त्यांना मिरामारला आणून बसवू नका.