दहा बाय बाराची खोली, तीही भर रस्त्यात

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते, नोकरी कल्याणीनगरला. दुचाकीवर रोज सकाळी सव्वा तास मोडतो. वाटेत रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल झाला, दोन वर्षं बरी गेली आणि परत तेच. आता आणखी एक पूल मागायचा म्हणून सोसायटीत सह्या गोळा चालल्यात. मी सही करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, सही करू नका. रस्ते आणि वाहतूक नियोजनात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी चौकात उभं राहून गाड्या मोजण्यात. तुम्ही लिहिलेली 'दोन वर्षं बरी' मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. रस्ता मोकळा दिसला की काल बसनं जाणारा आज गाडी काढतो, अकराला निघणारा नऊला निघतो, रस्त्याच्या टोकाला नवे टॉवर उठतात. विद्यापीठ चौकातला पूल आठवतो ना? मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी 2020 साली तो पाडावा लागला. पंधरा वर्षंसुद्धा पुरला नाही.

तुमचा रस्ता कागदावर कितीही रुंद असू द्या, सकाळी दहाला दोन्ही कडांच्या उभ्या गाड्या सोडून जो उरतो तो खरा रस्ता. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साधारण 135 चौरस फूट, दहा बाय बाराच्या खोलीहून जास्तच. तुमच्या भागात तेवढ्या खोलीचं भाडं कॉलेजची मुलं तिघांत वाटून भरतात. रस्त्यावर मात्र ती जागा दिवसभर फुकट. मला याचा अजूनही राग येतो.

एकदा मी वही घेऊन एका थांब्यावर बसले होते. थांब्याच्या पुढ्यात एक पांढरी मोटार, आत कोणी नाही, नुसते दिवे लुकलुकतायत. बस आली. कडेला घ्यायला जागा नाही, म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबली. एक आजी पिशवी सावरत उतरल्या आणि डावीकडून घुसलेली दुचाकी त्यांच्या पदराला घासून गेली. मागे रिक्षा, टेम्पो, आणखी दोन बस. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, रांग जागची हलली नाही. एका गाडीपायी तीन बस भरून माणसं खोळंबली. पूल बांधून ही कोंडी कशी सुटणार?

स्टॉकहोमनं आधी जादा बस सोडल्या आणि मग 2006 मध्ये सात महिने शहराच्या आतल्या भागात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर कर लावून पाहिला. वाहतूक सुमारे एक पंचमांशानं उतरली. कर थांबला तशा गाड्या पुन्हा वाढल्या. लोकांनी सार्वमतात कौल दिला आणि 2007 पासून तो कर कायम झाला. पुण्यात मी सुरुवात पार्किंगपासून करीन. सशुल्क पार्किंगचं धोरण महापालिकेत 2018 सालीच मंजूर झालं होतं, पण विरोध झाला आणि बरीच वर्षं ते कागदावरच राहिलं. त्यातून येणारा पैसा बसला आणि पदपथाला मिळावा, एवढी अट मात्र हवी. नाहीतर लोक का म्हणून देतील?

तुमच्यापुरतं सांगायचं तर नळस्टॉपला मेट्रोत बसलात की गाडी न बदलता कल्याणीनगरला उतरता येतं. अडचण घर ते नळस्टॉप या तुकड्याची आहे, ते मी जाणते. स्टेशनवर दुचाकी लावायला जागा मिळेलच असं नाही, आणि बससाठी वीस मिनिटं थांबावं लागलं की माणूस आपली गाडीच काढतो.

म्हणून सोसायटीच्या पत्रात पुलाऐवजी स्टेशनपर्यंतची बस मागा, सकाळ-संध्याकाळ दर दहा मिनिटांनी. आणि थांब्यांची जागा मोकळी मागा. मोठी बस बारा मीटरची असते, थांब्याच्या अलीकडे-पलीकडे मोटारी लागल्या तर चालकाला ती कडेला घेताच येत नाही. रविवारी दोघी-तिघी मिळून टेप घेऊन जा, तुमच्या वाटेवरच्या प्रत्येक थांब्यापुढे किती मीटर मोकळे आहेत ते लिहून काढा, फोटो जोडा. मसुदा इथे पाठवलात तर आकडे मी स्वतः तपासून देईन.