रानातल्या लेखांत ‘हे करू नका’ कुठं लिहायचं

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाटोद्याकडचे आहात, बालाघाटात फिरता, रानात जीव कसा सांभाळायचा यावर लेख लिहिता. एका पुरवणीनं तुमचा लेख निम्मा कापून भलत्याच शीर्षकाखाली छापला. आता पुन्हा लिहावं का, इंग्रजी पुस्तकांतलं घेतलं तर चालेल का आणि पैसे मागावेत का, असं विचारताय. यातून मी गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. युनिकोडात टाइप करणं, शब्दमर्यादा पाळणं, स्वतःचे फोटो देणं हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

लिहायचं तर आहेच. पण भाऊ, या विषयात कापाकापी म्हणजे नुसता लेखकाचा अपमान नसतो.

माझा लेख सर्पदंशावर होता, पावसाळ्याच्या तोंडावर दिलेला. कुठल्या पुरवणीला, ते सांगणार नाही. आपल्याकडचे चार विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातल्या मण्यारीवर मी मुद्दाम जास्त लिहिलं होतं. शेतातल्या आखाड्यावर खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. सूज नाही, फारसं दुखणंही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्त झालं म्हणून ओवा देत बसतात. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, एवढं केलं तरी पुष्कळ जीव वाचतील. एका सरकारी डॉक्टरांनी तो लेख ओळ न ओळ तपासून दिला होता.

त्यात एक परिच्छेद ‘करू नका’चा होता. दोरी आवळून बांधू नका, ब्लेडनं चिरू नका, तोंडानं चोखू नका. घोणस आणि फुरशाच्या विषानं चाव्याच्या जागेचं मांस सडू शकतं. त्यात वरून रक्त अडवलं की हात किंवा पाय काढायची पाळी येते. बांधलेली दोरी एकदम सोडली तर अडलेलं विष एका झटक्यात अंगात जातं. शिवाय बांधलंय म्हणजे वेळ आहे, असं वाटून लोक आधी देवाला आणि मांत्रिकाकडे जातात. साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही, कारण आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर एकच आहे, हेही तिथंच लिहिलं होतं.

लेख छापून आला तेव्हा तो परिच्छेद गायब. त्याच्या जागी रंगीत चौकट, ‘साप चावल्यास हे करा’, आणि पहिलाच मुद्दा ‘दंशाच्या वर दोरी घट्ट बांधा’. खाली माझं नाव.

सकाळीच फोन केला. उत्तर मिळालं की जागा कमी पडली, चौकट डेस्कवर कुणीतरी तयार केली, वाचकाला कृती लागते, नुसतं नका-नका कोण वाचतं. मी खुलासा छापा म्हणालो. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्या जागी पाककृती होती. लेखी अर्ज नेऊन दिला तर पोच द्यायला कुणी तयार नाही. एकानं दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसरा म्हणाला साहेब संभाजीनगरला गेलेत. नंतर माझा नंबर बघून फोन उचलणंच बंद झालं. खुलासा शेवटपर्यंत आला नाही. तोवर ती चौकट कुणीतरी नीट कापून आमच्या गावातल्या किराणा दुकानाच्या भिंतीला चिकटवली होती. लोकांच्या भल्यासाठीच चिकटवली होती, हेच जास्त वाईट. मी ती काढली, शेजारच्या गावांत फिरून तोंडी सांगितलं, पण छापलेल्या शब्दापुढं तोंडी शब्द कमी पडतो. ते डॉक्टरही नंतर माझा कुठलाच लेख तपासायला तयार झाले नाहीत. त्यांना दोष देत नाही. पण तसा जाणकार माणूस मला पुन्हा मिळाला नाही, आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान तेच झालं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की मनाईचा वेगळा परिच्छेद करायचाच नाही. शेवटी तर अजिबात नाही, कारण कात्री आधी शेवटावर चालते. मनाई कृतीच्या वाक्यात अशी गुंफायची की ती काढली तर वाक्यच मोडेल. उदाहरणार्थ: ‘चावलेला हात दोरी न आवळता, मोडलेलं हाड बांधतात तसा फळीला सैल पट्टीनं बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला एक पाऊलही चालू न देता दवाखान्यात न्या.’ यातून काय कापणार? चौकट हवीच असेल तर ती तुम्हीच करून द्या आणि सोबत लिहा की चौकटीतला शब्द बदलायचा तर आधी मला दाखवा.

हे पत्रात किंवा मेलवर लेखी हवं. मी वकील नाही, पण 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 वाचून ठेवा. लेखाचे हक्क देऊन टाकले तरी, नाव खराब होईल अशी मोडतोड केली तर लेखकाला हरकत घेता येते आणि भरपाई मागता येते. कलम 19 प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. ‘आमच्याकडे सगळे हक्क कायमचे’ असं कुणी तोंडी म्हणालं तर घाबरू नका. कोर्टात जा म्हणत नाही. मीही गेलो नाही. मात्र मेलमध्ये कलमाचा उल्लेख असला की समोरचा माणूस जरा जपून वागतो.

आता इंग्रजी पुस्तकांचं. उतरवून घेणं सोडाच, भावार्थ घेऊनही उपयोग नाही. त्यांत बर्फ असतं, पाइनची झाडं असतात. आपल्याकडे माणूस मरतो तो उन्हानं, विजेनं, सापानं आणि आग्या मोहोळानं. गौताळ्यात किंवा किनवटच्या रानात फिरणाऱ्याला चकमकीनं जाळ कसा पेटवावा हे कशाला सांगायचं? अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि आग लावणं हा 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुमचं वाचून एखादं पोरगं अडकलं तर? त्याऐवजी लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कड्यांना लटकलेल्या मोहोळांवर लिहा. एक काटा रुतला की त्याच्या वासानं बाकीच्या माश्या तिथंच येतात, म्हणून तोंड झाकून पळत राहायचं, आणि पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, कारण त्या वर घिरट्या घालत थांबतात. विजेवर लिहा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर त्याला शेणात न पुरता तिथंच छाती दाबायला सुरुवात करायची आणि कुणाला तरी 108 लावायला सांगायचं. हे प्रत्येक वावरात माहीत असायला हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं, त्याचंही नाव लेखात द्या.

रानभाज्यांवर लिहायची सगळ्यांना हौस. तरोटा, कुर्डू यांवर खुशाल लिहा. आळंब्यांवर लिहू नका, फोटो कितीही चांगला असला तरी. हे माझं मत, जाणकार वेगळं सांगतील. आणि चंद्रज्योतीच्या बिया लेकरं शेंगदाण्यासारख्या खातात, मग उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठावा लागतो. कुंपणाकुंपणाला ती लावलेली आहे, त्यावर एक लेख नक्की करा.

धनगरांकडून, तांड्यावरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं लिहाल तेव्हा त्यांना विचारून त्यांचं नाव द्या. कोरड्या नदीत झिरा कुठं उकरायचा हे त्यांना कळतं. ते पाणीही उकळूनच प्यायला सांगा. मात्र मोहोळाची, मोरांच्या अंड्यांची, घोरपडीच्या बिळाची नेमकी जागा कधीच छापू नका.

मी डॉक्टर नाही, तेव्हा इथलं वैद्यकीय काहीही माझ्या भरवशावर छापू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुणाकडून तरी तपासून घ्या आणि तपासणाऱ्याला छापलेली प्रत नेऊन दाखवा. 

पैसे मागा. थोडे मिळाले तरी मागा, कारण फुकट दिलेल्या मजकुराची राखण कुणी करत नाही, असा माझा अनुभव आहे. 

आणि वेळ साधा. उन्हाचा लेख फेब्रुवारीत द्या, विजेचा मार्चमध्ये, कारण अवकाळीबरोबर विजा एप्रिलपासूनच पडतात. मण्यारीचा मेमध्ये. सोयाबीन काढणीला गंजीखाली साप निघतात, त्याचा सप्टेंबरच्या सुरुवातीला. तुमचा विजेवरचा मसुदा तयार असेल तर इथंच टाका, कापलं तर धोका होईल अशी वाक्यं मी खुणा करून देतो.